डायची भीती आणि अडवलेले पाणी

सीटी स्कॅनची वेळ ठरवून रुग्ण तपासणी केंद्रातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात सहसा दोन कागद असतात. एकावर सूचना असते, ‘रात्री बारानंतर काहीही खाऊ-पिऊ नये.’ दुसरे संमतिपत्र असते. तपासणीसाठी शिरेतून जे औषध दिले जाणार आहे, सगळे ज्याला ‘डाय’ म्हणतात, त्याने मूत्रपिंडावर विपरीत परिणाम होऊ शकतो आणि रुग्णाला याची कल्पना दिलेली आहे, असे त्यात लिहिलेले असते. पहिला कागद इमानाने पाळणारा रुग्ण दुसऱ्या कागदातला धोका स्वतःच वाढवून घेत असतो, हे त्याला कोणी सांगत नाही. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी गेली वीसेक वर्षे फिजिशियन म्हणून काम करताना हे दोन्ही कागद मी असंख्य रुग्णांच्या पिशव्यांत पाहिले आहेत, आणि माझे मत असे झाले आहे की डायची भीती आपण नको त्या जागी नेऊन ठेवली आहे. तिच्यापोटी काही रुग्णांना अत्यंत गरजेची तपासणी नाकारली जाते, आणि मूत्रपिंडाला ज्याची खरी गरज असते ते पाणी मात्र निव्वळ सवयीने बंद केले जाते.

ही सवय मुळात मूत्रमार्गाच्या चित्रणातूनच आली आहे. १९२३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये उपदंशाच्या रुग्णांना सोडियम आयोडाइड दिले जात असे. त्या रुग्णांच्या एक्स-रेमध्ये मूत्राशयातली लघवी पांढरी उमटते, हे अर्ल ऑसबोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. आयोडीन क्ष-किरणांना अडवते आणि मूत्रपिंड ते आयोडीन लघवीवाटे बाहेर टाकते, एवढ्या दोन गोष्टींवर ही सारी विद्या उभी राहिली. १९२९ मध्ये मोझेस स्विक आणि अलेक्झांडर फॉन लिख्टेनबर्ग यांनी बर्लिनमध्ये ‘युरोसिलेक्टान’ हे शिरेतून देण्याजोगे द्रव्य वापरात आणले, आणि त्यानंतर कित्येक दशके ‘आयव्हीपी’, म्हणजे असे द्रव्य शिरेतून देऊन मूत्रमार्गाचे एक्स-रे काढणे, हीच मुतखड्याची मुख्य तपासणी होती. त्या काळातल्या द्रव्यांनी चित्र फिकट येत असे. चित्र ठसठशीत हवे तर लघवी घट्ट हवी, आणि लघवी घट्ट हवी तर शरीरात पाणी कमी हवे, असा सरळ हिशेब होता. म्हणून आदल्या दिवशी जुलाबाचे औषध, पुष्कळदा एरंडेल, आणि रात्रीपासून पाणी बंद, अशी रुग्णाची तयारी करून घेतली जाई.

१९५४ मध्ये डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला मायलोमा होता, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा असा कर्करोग की ज्यात विकृत प्रथिने मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत साचून राहतात. आयव्हीपीनंतर त्याची लघवी पूर्ण थांबली. डायने मूत्रपिंड निकामी झाल्याच्या पहिल्या नोंदींपैकी ही एक मानली जाते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मधुमेही आणि वयस्क रुग्णांच्या अशाच नोंदी येत गेल्या, आणि या रुग्णांना तपासणीआधी कोरडे ठेवणे हाच धोक्याचा मोठा भाग होता, हेही हळूहळू उमगत गेले. आजच्या सीटी यंत्राला घट्ट लघवीची गरज उरलेली नाही. उपाशी ठेवण्याचे दुसरे कारण असे की जुन्या डायने उलट्या होत आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असे. नव्या द्रव्यांनी तीही फारशी होत नाही, आणि म्हणूनच युरोपातल्या मूत्र-जनन क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे आता स्पष्ट सांगतात की अशा डायआधी उपाशी ठेवण्याची शिफारस करता येत नाही. कारण संपले तरी सूचना शिल्लक राहिली, आणि छापील असल्यामुळे तिला अधिकारही मिळाला.

आमच्या भागात या सूचनेचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो, ते सांगतो. मे महिना, पारा बेचाळीसच्या वर. रुग्ण पहाटेच्या एसटीने तालुक्याहून निघतो. रात्री बारापासून त्याने घोटभर पाणी घेतलेले नसते, कारण घरातल्या शिकलेल्या मुलाने कागद वाचून दाखवलेला असतो. केंद्रात गर्दी असते, तातडीचा रुग्ण मध्ये येतो, आणि सकाळी नऊची वेळ दुपारी दोनवर जाते. एव्हाना चौदा तास झालेले असतात. रुग्ण ऊसतोड कामगार असेल तर हंगामभर उन्हात राबून, कमी पाणी पिऊन, अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खाऊन त्याची मूत्रपिंडे आधीच ताणलेली असतात. अशा शरीरात डाय सोडून नंतर ‘डायने किडनी खराब झाली’ असे म्हणणे म्हणजे चौदा तासांची तहान हिशेबातून वगळणे होय.

डाय निर्दोष आहे, असे मला अजिबात म्हणायचे नाही. ते मूत्रपिंडाच्या आतल्या भागातल्या, म्हणजे मेड्युलातल्या, रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्या भागाला एरवीही प्राणवायू जेमतेमच पुरतो. नलिकांच्या पेशींवर त्याचा थेट विषारी परिणाम होतो, आणि ते नलिकांत साचून घट्ट होऊ लागले की प्रवाह मंदावतो. शरीरात पाणी कमी असेल तर या तिन्ही गोष्टी वाढतात. जुन्या डायची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, रक्ताच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त असे. रक्ताची सुमारे २९०, तर त्यांची १५००च्या वर. स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ टॉर्स्टेन आल्मेन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस आयनमुक्त द्रव्याची कल्पना मांडली आणि तिच्यातून ६०० ते ८००च्या घरातली द्रव्ये आली. पुढे आयोडिक्सॅनॉलसारखे रक्ताइतक्याच ऑस्मोलॅलिटीचे द्रव्यही आले. आज कुठल्याही बऱ्या केंद्रात या नव्या प्रकारांपैकीच एक वापरले जाते. म्हणजे आपल्या मनातली भीती ज्या औषधांनी निर्माण केली, ती औषधे शिरेतून देणे जवळजवळ बंद झाले आहे.

भीती वाढण्याचे आणखी एक कारण संशोधनाच्या पद्धतीत होते, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. कित्येक वर्षे अभ्यास असे होत की डाय दिलेल्या रुग्णांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य, दोन-तीन दिवसांनी मोजायचे, आणि जितक्यांचे वाढले तितक्यांना डायने इजा झाली असे धरायचे. डाय न दिलेल्या रुग्णांचे क्रिएटिनिन त्याच काळात किती वर-खाली होते, हे कोणी फारसे पाहिलेच नव्हते. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या न्यूहाउस आणि सहकाऱ्यांनी ते पाहिले. डाय मुळीच न मिळालेल्या ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या क्रिएटिनिनमध्ये किमान २५ टक्क्यांचा बदल आढळला. रुग्णालयात दाखल झालेला माणूस आजारी असतो. त्याचा रक्तदाब उतरतो, त्याला जंतुसंसर्ग असतो, औषधे चालू असतात, आणि त्याचे क्रिएटिनिन हलतेच. त्या हलण्याच्या वेळीच कधीतरी सीटी झालेला असेल तर दोष सीटीकडे जातो. २०१३ मध्ये मेयो क्लिनिक आणि मिशिगन विद्यापीठ इथल्या दोन गटांनी डाय मिळालेल्या आणि न मिळालेल्या, पण बाकी बाबतींत सारख्या, रुग्णांची तुलना करून निष्कर्ष मांडले. मेयोच्या गटाला फरक आढळला नाही. मिशिगनच्या गटाला तो मुख्यतः ज्यांचे ईजीएफआर ३०च्या खाली होते अशांत आढळला. ईजीएफआर म्हणजे मूत्रपिंड दर मिनिटाला किती मिलिलिटर गाळते याचा अंदाज.

या अभ्यासांवर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. हे सगळे जुन्या नोंदी चाळून केलेले अभ्यास आहेत. ज्यांची मूत्रपिंडे नाजूक दिसली त्यांना डॉक्टरांनी आधीच डाय दिलेले नसणार, त्यामुळे डाय मिळालेला गट मुळातच थोडा सुदृढ असणार, आणि आकडेशास्त्राने ही दरी काही अंशी भरता आली तरी पूर्ण बुजवता येत नाही. आक्षेप मान्य आहे. पण त्यातून एवढेच निघते की फार कमजोर मूत्रपिंड असलेल्यांबाबत सावध राहावे. क्रिएटिनिन दीडच्या वर गेले की सरसकट ‘डाय नाही’ म्हणावे, हे त्यातून निघत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन या दोन संस्थांनी २०२० मध्ये एकत्र बसून जी भूमिका घेतली तीही हीच आहे: ईजीएफआर ३०च्या खाली असलेल्यांना आणि ज्यांच्या मूत्रपिंडाला नुकतीच इजा झालेली आहे अशांना आधी व नंतर शिरेतून सलाइन द्यावे, आणि तपासणी खरोखर जीव वाचवणारी असेल तर डायच्या भीतीने ती अडवू नये. हृदयाच्या अँजिओग्राफीत डाय धमनीतून, हृदयाच्या वाटेने थेट मूत्रपिंडाच्या दिशेने जाते, आणि रुग्णही बहुधा हृदयविकाराने खचलेला असतो. तिथला धोका वेगळा आणि जास्त आहे. तिथला आकडा उचलून शिरेतून डाय देणाऱ्या सीटीला लावला गेला, आणि पुष्कळ गैरसमज तिथूनच सुरू झाले.

आता क्रिएटिनिनच्या त्या दीडबद्दल. केंद्राच्या खिडकीवर बसलेला कर्मचारी अहवाल पाहतो आणि १.५ दिसले की रुग्णाला परत पाठवतो, किंवा ‘डॉक्टरांचे पत्र आणा’ म्हणतो. तिशीतल्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.५ असेल तर २०२१च्या प्रचलित सूत्राने त्याचे ईजीएफआर सुमारे ६४ येते. पंच्याहत्तर वर्षांच्या स्त्रीचे तेवढेच क्रिएटिनिन असेल तर तिचे येते सुमारे ३६. एकाच आकड्यात एवढा फरक दडलेला असताना तो आकडा नुसता पाहून निर्णय घेणे धोक्याचे आहे. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या टोकाचे रुग्ण निसटतात. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, आणि आमच्याकडे येणाऱ्या कित्येक म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर स्नायू उरलेलेच नसतात. त्यांचा अहवाल १.० दाखवतो, खिडकीवर तो ‘नॉर्मल’ ठरतो, आणि त्या चौदा तास कोरड्या राहून डाय घेतात. प्रयोगशाळेने क्रिएटिनिनच्या शेजारी ईजीएफआरचा आकडा छापणे हे बिनखर्चाचे काम आहे, कारण गणित संगणक करतो. तरीही जिल्ह्यातल्या अनेक अहवालांवर तो आजही नसतो. मात्र त्यालाही मर्यादा आहे. क्रिएटिनिन रोज वाढत असेल तर सूत्र खोटे पडते, आणि अशा वेळी लघवी किती होते हे विचारणे सगळ्या आकड्यांपेक्षा उपयोगी पडते.

तीन वर्षांपूर्वी साठीतल्या एक मधुमेही मावशी माझ्याकडे आल्या, म्हणजे त्यांना आणले गेले. चार दिवस उजव्या कुशीत दुखत होते, थंडी वाजून ताप होता. क्रिएटिनिन २.४ होते. आधीच्या डॉक्टरांनी मूत्रमार्गाचा सीटी सांगितला होता आणि केंद्राने ‘डाय देता येणार नाही, आधी क्रिएटिनिन कमी करून आणा’ म्हणून परत पाठवले होते. मग दोन दिवस एका लहान रुग्णालयात सलाइन, अमिकासिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने आणि दुखले की डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, असे उपचार झाले. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, कालपासून लघवीला गेल्याच नाहीत.’ सोनोग्राफीत उजवे मूत्रपिंड सुजलेले होते आणि डावे कधीकाळी खराब होऊन आक्रसलेले. मी डायशिवाय सीटी करून घेतला. पाच मिनिटे लागली. उजव्या मूत्रवाहिनीत आठ मिलिमीटरचा खडा अडकलेला स्पष्ट दिसला. रात्री मूत्ररोग शल्यचिकित्सकांनी डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकला तेव्हा वरून पू आला. तोपर्यंत क्रिएटिनिन ४.६ झाले होते. पुढच्या दहा दिवसांत ते १.६ वर उतरले. डायलिसिस करावे लागले नाही, पण ते अगदी थोडक्यात टळले.

या हकिकतीतली मुख्य गोष्ट अशी की त्या मावशींना डायची गरज कधीच नव्हती. खडा शोधण्यासाठी साधा सीटी पुरतो; खड्यासाठी तीच सर्वांत खात्रीची तपासणी आहे. चिठ्ठीवर नुसते ‘सीटी युरोग्राफी’, म्हणजे डाय देऊन मूत्रमार्गाचा सीटी, असे लिहिले गेले, खिडकीवर क्रिएटिनिन पाहिले गेले, आणि ‘डायशिवाय चालेल का?’ हा एक प्रश्न विचारण्यासाठी दोन डॉक्टरांनी एकमेकांना फोन केला नाही. त्या दोन दिवसांत जे मूत्रपिंड वाचवण्यासाठी सीटी थांबवला होता, तेच तुंबलेल्या आणि सडणाऱ्या लघवीच्या दाबाखाली होते. क्रिएटिनिन वाढले होते ते अडथळ्यामुळे, आणि अडथळा काढल्याशिवाय ते ‘कमी करून आणणे’ शक्यच नव्हते. शिवाय अमिकासिन आणि डायक्लोफिनॅक ही दोन्ही औषधे अशा मूत्रपिंडाला डायइतकीच, किंबहुना जास्तच, घातक असतात. त्यांच्यासाठी कोणी संमतिपत्र लिहून घेत नाही. डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन तर आमच्याकडे पोटदुखीच्या रुग्णाला नाव विचारण्याआधी दिले जाते. या मावशींना पहिल्या दिवशी डाय देऊन सीटी झाला असता आणि पुढे हेच सगळे घडले असते, तर गावभर ‘सीटीच्या डायने किडनी गेली’ एवढेच सांगितले गेले असते.

डाय टाळण्यासाठी शोधलेला पर्याय कसा अंगाशी येतो, याचा एक मोठा धडा वैद्यकाने घेतलेला आहे. आयोडीन नको म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांना एमआरआय आणि त्यासाठी गॅडोलिनियमचे डाय मोकळेपणाने दिले जाऊ लागले. ते मूत्रपिंडाला सुरक्षित समजले जात असे. २००६ मध्ये ऑस्ट्रिया आणि डेन्मार्कमधून अहवाल आले की अशा रुग्णांची, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांची, त्वचा दगडासारखी कडक होते आणि सांधे आखडून जातात. हा आजार बरा करणारा खात्रीचा उपाय नाही. नंतर जास्त स्थिर प्रकारची गॅडोलिनियम द्रव्ये आली आणि तो आजार फार दुर्मीळ झाला, पण ज्यांना तो झाला त्यांच्या बाबतीत भीतीने निवडलेली वाट मूळ वाटेपेक्षा वाईट ठरली होती.

मूत्रवाहिनीत खालून नळी घालून डाय सोडण्याची जी तपासणी असते, तिच्यात रक्तात जाणारे डाय नगण्य असते. तिथे मूत्रपिंडाला धोका असतो तो मूत्रवाहिनीला सूज येऊन लघवी तुंबण्याचा, किंवा दाबाने जंतू रक्तात ढकलले जाण्याचा. तिथेही रुग्णाला फक्त ‘डाय’ हाच शब्द ऐकू येतो, आणि तपासणीनंतर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी कमी झाली तर त्याच रात्री परत यायचे असते, हे सांगायचे राहून जाते.

पाणी द्या, या म्हणण्यालाही मर्यादा आहेत. हृदय कमजोर असलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला तांबेभर पाणी पाजणे घातक ठरेल. भूल द्यायची असेल तर उपाशी राहावेच लागते. तिथेही साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, असे भूलशास्त्राचे नियम सांगतात. सलाइन लावणे म्हणजेही सर्वांसाठी अभय नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथल्या अभ्यासात ईजीएफआर ३० ते ५९ असलेल्या ६६० रुग्णांपैकी निम्म्यांना आधी-नंतर सलाइन दिले आणि निम्म्यांना काहीच दिले नाही. इजेचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे निघाले, २.७ आणि २.६ टक्के, उलट सलाइन मिळालेल्यांपैकी ५.५ टक्के जणांना त्या सलाइनचाच त्रास झाला. दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, २०१८ मध्ये, पाच हजारांच्या आसपास रुग्णांपैकी काहींना अँजिओग्राफीआधी मूत्रपिंड वाचावे म्हणून ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्या दिल्या, काहींना साध्या सलाइनऐवजी सोडाबायकार्ब दिले, आणि कशाचाच फायदा दिसला नाही. तरीही ॲसिटिलसिस्टीनच्या त्या गोळ्या आमच्या भागात आजही डायआधी लिहून दिल्या जातात, आणि रुग्ण त्या पैसे मोजून घेतो. तो पाण्यावाचून असतो, पण त्याच्या खिशात गोळ्या असतात.

हा प्रश्न मला सार्वजनिक वाटतो, कारण तो एकेका डॉक्टरच्या हुशारीवर सोडला की सुटत नाही. केंद्रे छापील कागदांवर चालतात आणि कागद एकदा छापला की वर्षानुवर्षे तोच वाटला जातो. २०१६ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू आहे आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांना डायलिसिस मिळते, ही फार मोठी गोष्ट आहे. त्याच जिल्हा रुग्णालयाच्या सीटी विभागातला सूचनेचा कागद बदलायला मात्र एका परिपत्रकापलीकडे काही लागणार नाही. त्यावर लिहावे की साधे पाणी पीत राहा, हृदयाचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असाल तर डॉक्टरांना विचारा, दुखण्याच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. क्रिएटिनिनच्या अहवालावर ईजीएफआर सक्तीने छापावे. ईजीएफआर ३०च्या खाली असलेल्या रुग्णाचा निर्णय खिडकीवर होऊ नये. तपासणी सांगणारा डॉक्टर आणि क्ष-किरणतज्ज्ञ यांनी फोनवर बोलून तो करावा, आणि तपासणी झाल्यास अठ्ठेचाळीस तासांनी क्रिएटिनिन पुन्हा पाहण्याची तारीख रुग्णाच्या हातातल्या कागदावर लिहिलेली असावी. आज ती तारीख लिहिली जात नाही, म्हणून ज्यांना खरोखर इजा होते ते पाय सुजल्यावर तिसऱ्या आठवड्यात येतात.

गेली काही वर्षे मी माझ्या रुग्णांच्या कागदावरचे ‘पिऊ’ पेनने खोडतो आणि शेजारी ‘पाणी प्यावे’ असे लिहून सही करतो. अधूनमधून केंद्रातून फोन येतो. पलीकडचा मुलगा जरा घाबरत विचारतो, ‘सर, तुमचा पेशंट पाणी पिऊन आलाय, स्कॅन घेऊ का उद्या बोलावू?’ मी त्याला सांगतो की आजच घे, आणि बाहेर बाकावर जे बाकीचे थांबले आहेत त्यांनाही विचार, सकाळपासून कोणी पाणी प्यायले आहे का.